कण्हेर नको

“कण्हेर नको, ताई,” हेमांगी म्हणाली.

नर्सरीचा टेम्पो रोपं उतरवून नुकताच गेला होता. माझ्या भावाच्या, शिरीषच्या नव्या बंगल्यापुढे खड्डे खणून तयार होते आणि कुठलं रोप कुठे लावायचं त्याप्रमाणे मी सगळी मांडून ठेवली होती. आई व्हरांड्यात खुर्चीत बसून बघत होती. तिच्याजवळ खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून हेमांगी उभी होती. शिरीषची बायको.

“का नको?” मी विचारलं. “फाटकाच्या दोन्ही बाजूंना शोभेल. बारा महिने फुलते, पाण्याची कुरकुर नाही, गुरं तोंड लावत नाहीत.”

“गुरं तोंड लावत नाहीत म्हणजे विषारीच की.”

“असेना विषारी. खाणार कोण आहे? घरात रांगतं मूल तरी आहे का?”

ते खरंच होतं. शिरीषची एकुलती मुलगी तेव्हा अकरावी संपवून बारावीच्या क्लाससाठी सुट्टीतही सांगलीला होस्टेलवरच राहिली होती. हेमांगीने एकदा आईकडे बघितलं आणि खाली मान घालून म्हणाली, “तरी नको.”

मी आईकडे वळले. आता आई तिला दोन शब्द सुनावेल याची मला खात्री होती. आईने पदर सारखा केला, कण्हेरीच्या रोपांकडे बघितलं, मग हेमांगीकडे बघितलं.

“राहू दे, कुमुद. ती नको म्हणते ना.”

मी कण्हेरीच्या पिशव्या उचलून भिंतीकडे नेऊन ठेवल्या.

याला आता पंचवीसेक वर्षं झाली. जयसिंगपूरला आई मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. निवृत्त झाल्यावरही गावाला ती मगदूम बाई म्हणूनच ठाऊक होती. मुलांची नावंसुद्धा तिने झाडावेलींवरून ठेवली, मी कुमुदिनी आणि तो शिरीष. शिरीषला झाडांचं काही नव्हतं. मी मात्र तिच्या मागे माळावर, ओढ्याकाठी हिंडत मोठी झाले, वनस्पतिशास्त्र शिकले आणि नागपूरला कॉलेजात तेच शिकवायला लागले. फोनवर आमचं दोघींचं बोलणं म्हणजे झाडंच. बाबा गेल्यावर ती शिरीषकडे राहायला लागली, तेव्हाही मी मनाशी म्हणायचे, राहते त्याच्याकडे, पण आहे माझी.

आणि हेमांगी? इचलकरंजीच्या कापडवाल्यांची मुलगी. लग्न होऊन आली तेव्हा तिला मोगरा आणि तगर यांतला फरक सांगता येत नव्हता. कापडाचा पोत बोटांनी ओळखायची, पण झाड म्हणजे तिच्या लेखी सावली. नव्या घराची बाग करायची ठरली तेव्हा शिरीषने फोनवर म्हटलं होतं, “तूच ये आणि ठरव, ताई.” जूनमध्ये कॉलेज उघडायला अवकाश होता. महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसून वाटभर मी मनात तीच बाग लावत आले होते. आई आणि मी नर्सरीत जाऊ, भांडून भांडून झाडं निवडू. असं काही तरी.

नर्सरीत मी एकटीच गेले. “ऊन फार आहे, तूच जाऊन ये,” आई म्हणाली. ऊन नव्हतं.

संध्याकाळी मी तिच्यासाठी आणलेली खास भेट बाहेर काढली. रामटेकच्या बाजूला एका ओळखीच्यांच्या शेताच्या बांधावर कळलावी होती, तिचा कंद. ओल्या फडक्यात गुंडाळून आणला होता, नुकता कोंब फुटलेला. कळलावीच्या लाल-पिवळ्या, ज्वाळेसारख्या फुलांचं आईला भारी वेड. आपली इथली वेल सोडून लोक परदेशी वेली कशाला लावतात, असं ती नेहमी म्हणायची.

आईने कंद तळहातावर घेतला. कितीतरी वेळ उलटसुलट करून बघितला.

“ओळखलंस?” मी हसत विचारलं.

“तू आणलंस म्हणजे चांगलंच असणार,” ती म्हणाली.

तेवढ्यात हेमांगीने हात पुढे केला. “काय आहे, ताई?”

“कळलावी.”

“हेही विषारी असतं का हो?”

“कंद असतो. पण तो जमिनीत जाणार आहे, ताटात नाही.”

“मी ठेवते आत,” म्हणून तिने तो आईच्या हातातून काढून घेतला.

सकाळी कुंपणाशी लावायला मी तो मागितला, तर हेमांगी कणीक मळत होती. तिने वर न बघता सांगितलं, “ताई, तो मी टाकून दिला.”

“टाकून दिला?”

“होय. लांब टाकून आले. चुकलं माझं, पण दिला टाकून.”

मी काय बोलले ते सगळं आठवत नाही. हे तुझ्या बापाचं दुकान नाही, असंही काही बोलले असेन. ती कणीक मळत राहिली. आई आतून आली, तिने हेमांगीच्या पाठीवर हात ठेवला, हेमांगीच्या, आणि मला म्हणाली, “एवढं काय त्यात, कुमुद? एक कंदच तर होता.”

एक कंदच तर होता. मी नागपूरपासून तो मांडीवर घेऊन आले होते.

त्या दिवसापासून मी त्या दोघींवर लक्ष ठेवायला लागले. सकाळी आईची वेणी हेमांगी घालायची. माझ्या आईने आयुष्यात कुणाला केसांना हात लावू दिला नव्हता. बाजारात जाताना आई तिचा दंड धरून चालायची. दुपारी जेवणं झाली की दोघी आईच्या खोलीत जायच्या आणि दार लोटून घ्यायच्या. बाहेर मी वर्तमानपत्र घेऊन बसायचे आणि आतून हेमांगीचा हळू आवाज यायचा, मग आईचा, मग दोघींचं हसणं. आई इतकं मोकळं हसताना मी फार वर्षांत ऐकलं नव्हतं. एकदा ‘कांचन’ एवढाच शब्द कानावर आला. मी दार ढकलून आत गेले. दोघी गप्प झाल्या.

“काय चाललंय?” मी विचारलं.

“काही नाही, आपलं असंच,” आई म्हणाली. चोरी पकडल्यासारखी.

त्याच संध्याकाळी चहा घेताना आईने जाहीर केलं, “फाटकाशी कांचन लावू या. मागे हादगा आणि शेवगा. खिडकीखाली जास्वंद. कुंपणावर गोकर्ण. आणि न्हाणीघराच्या पाण्यावर कढीपत्ता.”

तिने हे एका दमात म्हटलं, पाढा म्हणावा तसं. तिच्या तोंडून हेमांगी बोलत होती, यात मला तिळमात्र शंका उरली नाही.

“आई, ही बाग आहे का मंडई?” मी म्हणाले. “कांचनाच्या कळ्यांची भाजी, हादग्याच्या फुलांची भाजी, शेवग्याच्या शेंगा. शोभेचं एक तरी झाड?”

“कांचन काय दिसायला वाईट आहे, ताई?” हेमांगी म्हणाली.

“तुला विचारलं नाही मी.”

शिरीष स्कूटर पुसत होता. मी त्याच्याकडे गेले. “तुझ्या बायकोने आईची पार बाहुली करून ठेवली आहे, दिसतंय का तुला?”

फडकं पिळत तो म्हणाला, “करू दे तिला तिच्या मनासारखं.”

“आणि माझ्या मनाचं काय?”

“ताई, तू आठवडाभरासाठी येतेस.”

त्याला टोचून बोलायची सवय नव्हती. म्हणूनच ते लागलं.

दुसऱ्या दिवशी शिरीष आणि हेमांगी कसल्याशा कामाला मिरजेला गेले. मी कण्हेरीची रोपं परत केली आणि त्यांच्या बदल्यात शोभेच्या अळूच्या चार मोठ्या कुंड्या आणल्या. मधोमध गुलाबी, शिरा लाल, कडेला हिरवं. जमिनीवर तिचं राज्य असेल, कुंड्या तरी माझ्या. व्हरांड्यात पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना मी त्या मांडल्या. आई येऊन शेजारी उभी राहिली. एका पानावरून तिने बोट फिरवलं.

“छान आहे. कोवळं आहे,” ती म्हणाली.

बऱ्याच दिवसांनी ती माझ्या निवडीला चांगलं म्हणाली होती. मी तिला मिठीच मारली. मिरजेहून परतल्यावर हेमांगीने कुंड्या बघितल्या. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग माझा चेहरा बघून आत गेली.

सकाळी अंघोळ करून मी बाहेर आले, तर चारही कुंड्यांत नुसते देठ उभे होते. पानं एकूण एक कापलेली. मला क्षणभरही शंका आली नाही. हे कुणी केलं ते मला माहीत होतं. ओले केस तसेच ठेवून मी स्वयंपाकघरात शिरले.

ओट्याशी आई उभी होती. विळीवर चिरून झालेल्या पानांचा ढीग समोर, गुलाबी, लाल. शेजारी वाटीत भिजवलेली हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे, चिंचेचा कोळ. गॅसवर पातेलं.

“अळूचं फतफतं करते आहे,” ती कुजबुजली. चेहरा लहान मुलीसारखा उजळलेला. “तुला आवडतं ना? हेमांगीला सांगू नकोस. मला गॅसपाशी येऊ देत नाही ती.”

मी त्या पानांकडे बघत राहिले. तोंडात एक तुकडा गेला तरी जीभ सुजते, घसा आवळतो. हे मला तिनेच शिकवलं होतं. अळूसारखं दिसतं म्हणून सगळं अळू नसतं, हे तिचं वर्गातलं ठरलेलं वाक्य होतं.

“आई,” मी म्हटलं, “हे...”

मागून हेमांगी आली. देवघरातून उठून आली असावी, बोटाला कुंकू होतं. तिने ओट्याकडे बघितलं. ती दचकली नाही. हे मला सगळ्यात जास्त आठवतं, की ती दचकली नाही.

“अगंबाई, आई! आज संकष्टी की हो. ताईंचा उपास असतो ना,” ती म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं.

मी जन्मात संकष्टी केली नव्हती. “हो, आई,” मी म्हटलं. “उपास आहे.”

“मग आधी नाही का सांगायचं?” आई हिरमुसली.

“उद्या करू,” हेमांगी तिचे हात नळाखाली धरून साबणाने धूत म्हणाली. “मीठ बघितलं का तोंडात घालून?”

“छे. अजून फोडणीसुद्धा नाही घातली.”

“बरं झालं. चला, वेणी राहिली आहे.”

आईला खोलीत बसवून ती परत आली, पानं कागदात गुंडाळली, ओटा दोनदा पुसला. मग मागच्या दाराने बाहेर गेली. मी तिच्या मागे गेले. शेवग्यासाठी खणलेल्या खड्ड्यापाशी ती उभी होती.

“केव्हापासून?” मी विचारलं.

“दिवाळीनंतर कळलं आम्हाला. त्याआधीही असेल.” तिने पदराने हात पुसले. “जुन्या घराच्या कुंपणाला कण्हेर होती, आठवते? मी माहेरी गेले होते. आईंनी तिची पानं काढून चटणी वाटली. कढीपत्ता म्हणून. ह्यांना कडू लागली, ह्यांनी थुंकली. आई म्हणाल्या, कडू असतं ते औषधी असतं, आणि खाल्ली. नाडी लागेना, ताई. मिरजेच्या डॉक्टरांनी आशा सोडली होती.”

“मला तर पित्त झालं म्हणून सांगितलंत.”

“होय.”

“मी येते म्हणाले तर परीक्षा टाकून येऊ नकोस म्हणालात.”

“होय. आईंनी शपथ घातली होती.”

“माझ्यापासून लपवायची?”

“तुमच्यापासूनच.” हेमांगीचा आवाज पहिल्यांदा चढला. “शुद्धीवर आल्या तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी त्यांना वस्तू दाखवून नावं विचारली. कंगवा आला, चमचा आला, पण पानंफुलं दाखवली तर एकही नाव येईना. घरी येऊन खूप रडल्या. माझा हात धरून म्हणाल्या, ‘कुमुदला कळू द्यायचं नाही. तिच्यापुढे तरी मला बाई राहू दे.’”

मी खड्ड्याच्या कडेला बसले.

“तुम्ही येणार म्हटलं की आम्ही दुपारी दार लावून बसतो,” ती पुढे म्हणाली. “मी पान दाखवते, त्या नाव सांगतात. चुकलं की हसतात, नाही तर रडतात. लावायची झाडं तेवढी पाठ झाली म्हणजे बास, असं ठरलं होतं आमचं. आणि तोंडात गेलं तरी काही होणार नाही अशीच झाडं मला लावायची होती. मला कुठे काय कळतं त्यातलं? भाजी होते ती झाडं निवडली. कळलावी टाकून दिली तेव्हा तुमचं मन मोडतंय हे कळत होतं मला.”

“मला सांगायचं होतंस.”

“कसं सांगू? एक सांगू का ताई, मला राग येतो तुमचा. अंघोळ मी घालते, औषध मी देते. आणि नावं पाठ करतात त्या तुमच्यासाठी. माझ्यापुढे त्यांना काही राखायचंच नसतं.”

मी तिच्याकडे बघितलं. जिचा मी आठवडाभर हेवा करत होते, ती माझा हेवा करत होती. आणि तरीही त्या क्षणी माझ्या मनात आलं ते हेच, की रडायला आईला हेमांगी लागली.

माझी उरलेली रोपं नर्सरीत बदलून आईने सांगितलेली झाडं आणली आणि दुसऱ्या दिवशी आम्ही ती लावली. आई कडक इस्त्रीची सुती साडी नेसून बाहेर आली, शाळेत जायची तशी. मला काही कळलेलं नाही असंच वागायचं, हे हेमांगीचं आणि माझं ठरलं होतं. आई एकेका खड्ड्यापाशी थांबत गेली.

“ही जास्वंद. ही गोकर्ण, हिला आधार हवा. हा हादगा.”

प्रत्येक वेळी हेमांगीचे ओठ आधीच हलत होते. मी मान डोलवत होते. फाटकापाशी आलो. शिरीष कांचनाचं रोप हातात घेऊन उभा होता. आईने त्या दुभंगलेल्या पानाला हात लावला. बघत राहिली. मग ठासून म्हणाली, “हा आपटा.”

हेमांगीचा चेहरा उतरला. शिरीष रोपाच्या पिशवीकडे बघू लागला.

“हो,” मी म्हणाले. “आपटाच.”

आईने पानावरचा हात काढला. “काय म्हणालीस?”

“आपटा.”

ती माझ्याकडे बघत होती. चष्म्याआडचे ते डोळे अगदी पूर्वीचे होते, वर्गात मागच्या बाकावरची कुजबुज हेरणारे.

“पाचवीत असल्यापासून माझं एक नाव तू चुकू दिलं नाहीस, कुमुद,” ती म्हणाली. “पाहुण्यांपुढे नाही, हेडबाईंपुढे नाही. तुझ्या लग्नात विहिणीपुढेसुद्धा मला दुरुस्त केलंस. आज चुकू दिलंस.” मग मान न वळवता म्हणाली, “हेमांगी, सांगितलंस तिला.”

“आई, मी...”

“बोलू नकोस.”

ती उकरलेल्या मातीच्या ढिगाऱ्यावर बसली, त्या इस्त्रीच्या साडीसकट. तोंडावर पदर घेतला आणि रडायला लागली. हेमांगी सवयीने पुढे झाली. मग थांबली. माझ्याकडे बघून तिने शिरीषच्या दंडाला धरलं आणि त्याला घेऊन घराच्या मागे निघून गेली.

रडणारी आई मला माहीत नव्हती. कुठे हात ठेवायचा ते समजेना. मी मातीतच तिच्याजवळ बसले आणि तिचं पाऊल धरलं, तेवढंच हाताशी होतं म्हणून. फार वेळ गेला. तिने नाक पुसलं.

“मग काय आहे हे?”

“कांचन.”

“कांचन,” ती म्हणाली. “पुन्हा विचारलं तर?”

“पुन्हा सांगेन.”

“आणि तिसऱ्यांदा?”

“तिसऱ्यांदा हेमांगीला विचार. ती माझ्यापेक्षा चांगलं शिकवते.”

आई डोळे पुसता पुसता हसली. मग मागच्या बाजूला तोंड करून तिने हाक मारली, “हेमांगी! पाणी आण की गं. झाड कधीचं ताटकळलंय.”

आई त्यानंतर सात वर्षं होती. दर सुट्टीला मी नागपूरहून जायचे. शेवटच्या वर्षी ती मला ओळखेना, कोण पाहुण्या आल्या म्हणून विचारायची. मात्र हेमांगी खोलीत आली की तिचा चेहरा फुलायचा. मला हेवा वाटायचा, अगदी पहिल्यासारखा. एकदा आईला भरवताना मी हे हेमांगीला बोलून दाखवलं. तिने आईच्या हनुवटीवर ओघळलेला भात टिपला आणि म्हणाली, “मग झाली आपली फिट्टंफाट, ताई.”